पांढऱ्या चाकांचा डबा

शाहूपुरी, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर १९७०

चि. सौ. त्रिशलास तात्यादादाचा आशीर्वाद, आणि पावण्यांना जयजिनेंद्र.

इकडं सगळी बरी हायेत. आक्काचा गुडघा थंडीनं धरतोय, एवढंच.

तुला कळलंच असंल, आपली मिरज-कोल्हापूर लाइन आता रुंद होणार. छोटी गाडी बंद. तिला वाजतगाजत निरोप द्यायचा म्हणून पेठेतल्या व्यापाऱ्यांनी कमिटी केलीया, आणि अध्यक्ष तुझा भाऊ. यार्डातल्या शेडात संस्थानी काळातला सलूनचा डबा पडून हाय. अस्सल सागवान, मखमली खुर्च्या, दाराला पितळी मुठी. तो शेवटच्या पॅसेंजरला जोडून मिरजेपर्यंत न्यायचा असं ठरलंय. वरच्या सायबाचा तोंडी होकार हाय. आता डबा तपासून ‘फिट’ म्हणून दाखला तेवढा पायजे, आणि तो देणार कोण, तर मिरजेचे डबे तपासणारे टीएक्सआर पार्श्वनाथ मगदूम. म्हंजे आपलंच पावणं, तुझे मालक! मी म्हटलं, घरच्या घरात काम झालं.

कुठलं काय! पावणं परवा यार्डात आले. डब्याभोवती हिंडले, खाली वाकले, चाकाजवळ बसून राहिले. आणि चारचौघांत मला म्हणाले, “तात्यासाहेब, यार्डात उभा करून लोकांना दाखवायला डबा चांगला हाय. मेन लाइनवर न्यायचा तर मला विचार करायला लागंल.” कमिटीची माणसं माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

खरं सांगू? वास्तुशांतीला पावण्यांची खुर्ची मागच्या रांगेत पडली, ते त्यांच्या डोक्यातनं गेलेलं न्हाई. माणूस बोलत न्हाई, पण मनात धरतंय. तू जरा त्यांच्या कानावर घाल. आक्का रुकडीला माहेरी असताना हा डबा जाताना तिनं रानातनं बघितलेला. “एकदा त्यात बसीव रं मला,” म्हणून माझ्या मागं लागलीया. आपल्या आईचं वय काय, तुला म्हाईत हाय.

तुझा,
तात्यादादा


रेल्वे क्वार्टर्स, मिरज
१७ नोव्हेंबर १९७०

ती. तात्यादादास त्रिशलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. ह्यांना वाचून दाखवलं नाही, पण वास्तुशांतीची आठवण काढून बघितली. म्हणाले, “बासुंदी चांगली झाली होती.” खुर्ची पुढं होती की मागं, ते त्यांच्या ध्यानातही नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तुला अजून तुझा पावणा कळला नाही.

डब्याचं मी विचारलं तर ते तासभर बोलले. एरवी दिवसभरात तेवढं बोलत नाहीत. लाकडी डबा लोखंडी डब्यांच्या मध्ये सापडला आणि धक्का बसला, तर काड्यापेटीसारखा चेपतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी पाहिजे. आत चहाचा स्टोव्ह, कंदील, काही चालणार नाही. टेबल-खुर्च्या जमिनीला पक्क्या ठोकायच्या, नाही तर काढायच्या. गाडीचा ब्रेक त्या डब्यालाही लागला पाहिजे. वेग कमी. आणि आधी एकदा रिकामा डबा रुकडीपर्यंत नेऊन बघायचा, त्यात एकही माणूस बसता कामा नये. सगळ्यात मोठी अट म्हणजे, त्यांनी तपासून चुन्याची खूण केली की मग डब्याला कुणी बोट लावायचं नाही. लावलं तर पहिल्यापासून पुन्हा तपासणी. मी म्हटलं, “एवढं कशाला?” तर म्हणाले, “यार्डातला डबा जागचा हलत नाही, त्रिशला. मेन लाइनवरचा डबा माणसं घेऊन पळतो.”

आता माझं एक विचारणं. परवा ह्यांच्या साहेबांनी ह्यांना बोलावून सांगितलं, “मगदूम, घरची भांडणं रेल्वेत आणू नका.” घरची भांडणं साहेबांना कुणी सांगितली, दादा? कोल्हापुरात बसून तू कुणाकुणाशी बोलतोस ते मला कळत नाही, असं समजू नकोस.

आक्काला गुडघ्याला लावायला तेल पाठवते आहे.

तुझी,
त्रिशला


शाहूपुरी, कोल्हापूर
२४ नोव्हेंबर १९७०

चि. त्रिशला,

तेल मिळालं. आक्का रोज लावती.

सायबाला मी भेटलो, न्हाई कशाला म्हणू? चांगल्या गुळाची ढेप द्यायला गेलतो. बोलता बोलता एखादा शब्द निघाला असंल. त्याचं एवढं कशाला? तू पण नवऱ्याची वकिली करायला लागलीस, म्हंजे घरात बोलणं चालूच हाय.

असू दे. सगळ्या अटी मान्य. डबा शेवटी. स्टोव्ह न्हाई. ब्रेक जोडू. रिकामा डबा रुकडीपर्यंत नेऊन बघू, शनिवारी, पाच तारखेला. त्याआधी गुरुवारी, तीन तारखेला, पावणं येऊन तपासणार. आता तरी समाधान? दिलदार रंगारी दोन आठवडे डब्यावर राबतोय. लाकडाला पॉलिश केलंय, बाहेरनं तांबडा रंग, आणि चाकाबिकांना खालनं सगळा पांढरा देणार. वराडाच्या घोड्यागत दिसंल बघ.

आक्का मात्र गप झालीया. निरोपाच्या दिवशी सगळी बडी माणसं डब्यात बसणार, तिला जागा कुठनं मिळायची? अध्यक्षाची आई म्हणून मागायला मला लाज वाटती. बघू काय करता येतं.

तात्यादादा


(पोस्टकार्ड)
कोल्हापूर, ६ डिसेंबर १९७०

चि. त्रिशला, शनिवारच्या ट्रायलमध्ये डब्याचं चाक तापलं आणि रुकडीच्या अलीकडं डबा उभा करायला लागला. सगळ्या गावात नाचक्की. पावण्यांनी सांगितलं असंलच. दुसरं म्हंजे आक्का न्हाणीत पाय घसरून पडली, पावलाला लागलंय. डॉक्टर बघून गेले, घाबरण्यासारखं काय न्हाई. तू यायची गडबड करू नको, सवडीनं ये. तात्यादादा.


मिरज
१० डिसेंबर १९७०

ती. तात्यादादास नमस्कार.

ह्यांनी मला काहीही सांगितलेलं नाही. शनिवारी घरी आले ते सूर्य मावळल्यावर. न जेवताच आडवे झाले. दोन्ही तळहातांना फोड होते. विचारलं तर “तापलेल्या लोखंडाला हात लागला” म्हणाले. मंगळवारी सस्पेंडचा कागद आला. चाकाच्या टोकाला जी लोखंडी पेटी असते, तिच्यात तेलात भिजवलेलं सूत कोंबलेलं पाहिजे, ते सापडलंच नाही म्हणे. एका पेटीत नाही, चारही पेट्या कोरड्या. तपासणारा माणूस एकच, तेव्हा जबाबदारी ह्यांची. आता सोमवारी एकवीस तारखेला कोल्हापुरात चौकशी आहे.

शेजारचे गार्ड सांगत होते, साहेबांनी तुझाही जबाब घेतला, आणि तू म्हणालास, “पावण्यांचा या डब्याला पहिल्यापासून विरोध होता.” बोललास खरं. पण खरं बोलूनही माणसाला खड्ड्यात घालता येतं, दादा.

दुसरी गोष्ट. काल ह्यांची कामाची पिशवी धुवायला काढली, तर तळाशी आक्काची शाल निघाली. हिरव्या काठाची, मी दिवाळीला दिलेली. एक टोक जळलेलं आणि सगळीला धुराचा वास. आक्का न्हाणीत पडली ती कोल्हापुरात. मग तिची शाल ह्यांच्या पिशवीत मिरजेला कशी आली? ह्यांना विचारलं तर शाल माझ्या हातातून घेतली आणि कपाटात ठेवून दिली.

तुम्ही दोघं मिळून माझ्यापासून काहीतरी झाकताय. काय ते सांग.

त्रिशला


शाहूपुरी, कोल्हापूर
१३ डिसेंबर १९७०

चि. त्रिशला,

शालीचं एवढं काय घेऊन बसलीस? शनिवारी सकाळी पावणं ट्रायलच्या आधी घरी चहाला आलते. थंडी हुती. आक्कानं शाल दिली, जावयाला सर्दी व्हायला नको म्हणून. धुराजवळ उभं राहिलं की शाल जळणारच.

आता मी सांगतो ते मन घट्ट करून वाच. गुरुवारी पावणं दिवसभर त्या डब्याजवळ एकटे हुते. माझी माणसं त्यांनी लांब घालवली, “मला काम करू द्या” म्हणाले. शनिवारी पेट्या कोरड्या. डबा चालू नये असं कुणाला वाटत हुतं? मी म्हणत न्हाई त्यांनी केलं. पण गावात लोक म्हणतायत. तू त्यांच्या घरात राहतीस, तुझे तू डोळे उघडे ठेव. उद्या नोकरी गेली तर आपलं घर तुला हायच, हे ध्यानात ठेव.

आक्का बरी हाय. येऊ नको, तिला दगदग व्हती.

तात्यादादा


मिरज
१७ डिसेंबर १९७०

तात्यादादा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एक वाईट गोष्ट केली. हे जेवायला बसले होते. मी ताट वाढलं आणि विचारलं, “तुम्हीच केलंत का?” त्यांनी घास खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. मग उठून हात धुतले आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. मला वाटलं, झालं, हेच उत्तर. रात्रभर त्यांच्याकडं पाठ करून पडले. तू लिहिलेलं एकेक वाक्य खरं वाटत होतं.

पण शालीचं मनातून जाईना. चहाला आले म्हणतोस. दादा, हे चहा घेत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून घेत नाहीत, आणि तुझ्या घरात ते सगळ्यांना ठाऊक आहे. एवढी साधी गोष्ट विसरलास, म्हणजे घाईत खोटं लिहिलंस.

म्हणून काल सकाळच्या गाडीनं मी कोल्हापूरला आले. तू सौद्याला इचलकरंजीला गेला होतास. मी आलेलं तुला कळू द्यायचं नाही, असं चंदनावहिनीला सांगून आले होते, पण आता मीच लिहिते.

वहिनी परसात बंब पेटवत होती. हातात तेलानं काळ्या पडलेल्या सुताचा बोळा. तो वास मी झोपेतही ओळखेन, ह्यांच्या कपड्यांना रोज येतो. मी विचारलं, “वहिनी, हे कुठलं?”

“दिलदारनं टोपलीभर आणून दिलंय. डब्याच्या चाकातनं निघालं म्हणं. एका काडीत पेटतंय बघ. टाकायचं कशाला?”

“चाकातनं काढायला कुणी सांगितलं?”

“ह्यांनीच की. शुक्रवारी चाकांना पांढरा रंग दिला, तर तेल गळून डाग पडाय लागले. हे म्हणाले, त्या चिंध्या काढ सगळ्या, उद्या फोटोवाला येणार हाय.” मग माझ्या तोंडाकडं बघून ती घाबरली. “का गं? काय झालं?” तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. तूच तिला कधी काही सांगत नाहीस.

आक्काजवळ जाऊन बसले. पायाला प्लास्टर. “न्हाणीत कशी पडलीस?” म्हटलं.

“न्हाणीत?” आक्का म्हणाली. “टेबल पडलं की पायावर. सलूनमधलं. तात्यानं सांगितलं न्हाई व्हय? मला म्हणाला हुता त्रिशलाला सांगू नको. पण तू इचारलंस, मग खोटं कसं बोलू?”

मग सगळं सांगितलं. तू तिला यार्डाच्या मागच्या बाजूनं डब्यात चढवलंस, पडदे ओढलेस आणि आपणही बसलास. बड्या माणसांच्या आधी आईची हौस पुरवायची होती तुला, ते मला कळतं. त्यासाठी टेबल-खुर्च्याही पुन्हा आत मांडून घेतल्यास. हे पुढं इंजिनावर होते, त्यांना पत्ता नाही. रुकडीच्या अलीकडं चाक कोकलायला लागलं, म्हणाली. खालून धूर आला. ब्रेक लागला तसं टेबल घसरत येऊन तिच्या पावलावर पडलं. तू दार उघडायला धडपडत होतास. ओरडणं ऐकून हे बाहेरून चढले, तिला पाठीवर घेतलं आणि धुरातून खाली उतरवलं. शाल पेटली होती ती ह्यांनी हातांनी विझवली. लोखंड कुठलं अन् काय!

गार्ड स्टेशनात खबर द्यायला धावला होता आणि ड्रायव्हर पुढं इंजिनावरच होता, म्हणून तिसऱ्या कुणी बघितलं नाही. तेवढ्यात तुमचं दोघांचं ठरलं, डब्यात कुणी नव्हतं. आक्का मला म्हणाली, “दोघंबी मलाच सांगाय लागले, आक्का, तू हितं न्हवतीस. पाय मोडलेला माझा, आणि मी म्हणं तिथं न्हवते!”

डब्यात माणूस आहे का हे न बघता ह्यांनी गाडी सोडू दिली आणि नंतर ते लपवलं. ती ह्यांची चूक, ते भोगतील. पण तुला त्यांनी वाचवलं, आणि तू जबाबात काय दिलंस? मला काय लिहिलंस? माझ्या नवऱ्यावर मला संशय घ्यायला लावलास, ज्याचं कारण तुझ्या घरच्या बंबात जळत होतं.

वहिनीकडं उरलेलं सूत मी घेऊन आले आहे. ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही, ते आधी तुझ्या तोंडून यावं म्हणून. सोमवारी तू बोल. नाही तर मी येऊन बोलेन.

त्रिशला


शाहूपुरी, कोल्हापूर
२२ डिसेंबर १९७०

त्रिशला,

काल तू हाफिसाबाहेर बाकड्यावर बसलीवतीस, मांडीवर पिशवी घेऊन. मी बघितलं. तुझ्याशी न बोलता आत गेलो. आत काय झालं ते पावणं तुला सांगायचे न्हाईत, म्हणून मी लिव्हतोय.

तुझं पत्र मिळालं तरी मी गप बसायचं ठरवूनच गेलतो. घरात लग्नाची पोरगी हाय, पेठेत नाव हाय. तू सख्ख्या भावाइरुद्ध बोलणार न्हाईस असं मला वाटत हुतं. सायबानं विचारलं, “तपासणीनंतर डब्याला कुणी हात लावला?” मी म्हटलं, “मला म्हाईत न्हाई.” पावणं समोर बसलेले. त्यांनी मान वर केली न्हाई.

तेवढ्यात दार उघडलं. दोन हमालांनी खुर्ची उचललेली, खुर्चीत आक्का, मागं चंदना डोक्यावरचा पदर सावरत. आक्काला हाफिसात कुणी आणलं, तू का चंदनानं, मला अजून कळलेलं न्हाई. चंदना तुझं नाव सांगती. तू तिचं सांगशील.

आक्का म्हणाली, “सायेब, त्या दिवशी डब्यात मी हुते.”

सायबानं पेन खाली ठेवलं. “आजी, तुम्हाला कुणी बसवलं?”

“पोरानं. माझ्याच हौसंपायी. जावयाला त्यातलं काय ठाऊक न्हवतं.” मग माझ्याकडं बोट केलं. “आणि चाकातलं सूत ह्यानंच काढाय लावलं. आमच्या बंबात गेलंय ते. त्या पाण्यानं मी आंघोळ केलीया, मला इचारा.”

कुणी हसलं न्हाई. सायबानं माझ्याकडं बघितलं आणि मग मी सांगितलं. सांगायला उरलंच काय हुतं? दिलदारचा दोष न्हाई, मी म्हटलं म्हणून त्यानं काढलं, एवढं मात्र मी आपणहून बोललो. खुणेनंतर हात लावायचा न्हाई ते मला म्हाईत हुतं. मला वाटलं, चिंध्या तर हायेत. चिंध्यांवर कुठं गाडी चालती?

बाहेर आलो तर तू आक्काजवळ उभी. माझ्याकडं बघितलंस, आणि मी पुढं आलो तशी तोंड फिरवलंस. पावण्यांनी मात्र थांबून मला विचारलं, “आक्काचं प्लास्टर कधी काढणार?” मला त्यापेक्षा त्यांनी दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अध्यक्षपद गेलं. डबा आता मेन लाइनवर कधीच न्यायचा न्हाई असं ठरलंय. पोलिसांत प्रकरण जातंय का, ते बघायचं.

तात्या


रेल्वे क्वार्टर्स, लोंढा
१४ फेब्रुवारी १९७१

ती. तात्यादादास त्रिशलाचा नमस्कार.

तुझी मधली दोन पत्रं मिळाली. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे.

ह्यांची नोकरी राहिली. सुटण्याआधी डबा आतून बघितला नाही आणि खरी हकीकत दडवली, असा ठपका बसला आणि बदली इकडं झाली. चारी बाजूंनी रान आहे. बाजार आठवड्यातून एकदा भरतो. शेजारीण कानडी, मला तिचं निम्मं कळतं, पण माणूस चांगली आहे. तुझ्यावरचं प्रकरण दंडावर भागलं असं चंदनावहिनीनं कळवलं. बरं झालं. मनातून म्हणते.

तुला एक सांगायचं आहे, कारण ते तुझ्यामुळं झालं. मी त्यांना जेवताना तो प्रश्न विचारला होता ना, त्यावर ते इतके दिवस एक अक्षर बोलले नव्हते. मी माफी मागितली तरी नुसती मान हलवायचे. मला वाटायचं, बायकोनं संशय घेतला हे त्यांच्या वर्मी लागलं, आणि आता आयुष्यभर असंच जाणार.

गेल्या रविवारी आम्ही दोघं पडवीत शेंगा सोलत बसलो होतो. एकदम म्हणाले, “त्रिशला, त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी उत्तर दिलं नाही.”

“जाऊ द्या ते आता,” मी म्हटलं.

“नाही, ऐक. मला उत्तर ठाऊकच नव्हतं. चारही पेट्या कोरड्या निघाल्या, तेव्हा मला वाटायला लागलं, मी गुरुवारी त्या उघडून बघितल्याच नसतील. तात्यासाहेबांच्या माणसांवर चिडलो होतो. चिडलेल्या डोक्यानं नुसती खूण करून मोकळा झालो असेन. रोज आठवायला बघायचो, झाकण उघडल्याचं आठवायचं, आतलं सूत काही आठवायचं नाही. आक्का मरता मरता वाचली ती माझ्यामुळं, असं मी धरून चाललो होतो. तुला काय सांगणार होतो?”

“मग चौकशीत?”

“आक्का बंबाचं बोलली, तेव्हा मला कळलं की मी बघितलं होतं.”

एवढं बोलून शेंगा सोलायला लागले. मला रडू आवरेना. दादा, तू त्यांच्यावर संशय घेतलास, मी घेतला, साहेबांनी घेतला. ते सगळं त्यांनी सोसलं असतं. पण तू त्यांना स्वतःवरच संशय घ्यायला लावलास. टोपलीभर सूत कुठं गेलं हे तुला त्याच संध्याकाळी ठाऊक होतं, आणि तू पंधरा दिवस हा माणूस असा आतून जळताना बघितलास.

आक्काचं प्लास्टर निघालं असेल. तिला इकडं पाठव, हवा तिला मानवेल. चंदनावहिनीलाही पाठव सोबत, स्टेशनवर हे घ्यायला येतील. तुला बोलवायचं का, असं मी ह्यांना विचारलं. म्हणाले, “तुझा भाऊ आहे. तू ठरव.”

मी अजून ठरवलेलं नाही.

त्रिशला